जुन्या संगणकांचं लिनक्स शिबिर: एका रविवारी चाळीस मशीन होतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या सहा जणांनी संगणक वापरकर्त्यांचा गट काढायचं ठरवलंय. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे अनेकांची मशीन अडकली आहेत. म्हणून पहिला उपक्रम म्हणून राजारामपुरीत हॉल घेऊन अशा मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) फुकट बसवून द्यायचं. रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५, अंदाजे ४० मशीन. विचारलंय ते असं: कोणती आवृत्ती घ्यावी, पेनड्राइव्ह किती लागतील आणि विंडोज ठेवून डुअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम) करावं का?

या तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकतो. मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. पेनड्राइव्ह बसवणाऱ्या प्रत्येकाला एक आणि वर दोन जादा. डुअल बूट शक्यतो नको. पण तुमची खरी अडचण यातली एकही नाही. मिंट बसवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात सोपं काम आहे. अडचण येते सोमवारी सकाळी. मशीन दुकानात परत जातं, बिल छापायला घेतलं की प्रिंटर हलत नाही, टॅली कुठे दिसत नाही, मराठी टाइप होत नाही. मग तो माणूस गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन पुन्हा क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेतो आणि 'त्यांनी माझं मशीन बिघडवलं' हे दहा जणांना सांगतो. असं पाच जणांचं झालं की दुसऱ्या शिबिराला कोणी येत नाही. म्हणून शिबिराचा निकाल हॉलमध्ये नाही, नावनोंदणीच्या फोनवर लागतो. कुणाला 'नाही' म्हणायचं हे आधी ठरवा.

पहिल्यांदा ४० चा हिशोब. नुसती बसवणी धरली तर यूएसबी ३ च्या पोर्टवरून एसएसडीवर १०-१५ मिनिटांत होते, जुन्या हार्डडिस्कवर ३०-४० मिनिटं लागतात. पण मशीन उघडणं, डिस्क तपासणं, लाइव्ह (न बसवता, पेनड्राइव्हवरूनच) चालवून वाय-फाय-आवाज बघणं, बसवणं, अपडेट, मराठी कीबोर्ड, प्रिंटर आणि मालकाला पंधरा मिनिटं समजावणं हे सगळं धरलं तर एका मशीनला दोन ते अडीच तास जातात. एक सरावलेला माणूस एका वेळी दोन मशीन सांभाळतो. तिसरं घेतलं की कुठल्या मशीनवर कुठला डबा टिक केला याचा गोंधळ सुरू होतो. सहा जणांपैकी एक नोंदणीला, एक शेवटच्या तपासणीला. उरले चार. जेवण वगळून सहा तास. दोन फेऱ्या धरल्या तर कागदावर १६ मशीन निघतात, त्यातली दोन-तीन हमखास अडतात. पहिल्या वेळी १५ नावं घ्या, त्यापुढची प्रतीक्षा यादीत ठेवा आणि दहा वाजता सगळ्यांना एकदम बोलावू नका. आठ जणांना दहाला, सात जणांना दीडला.

आता नोंदणी. गूगल फॉर्म पाठवला तर लोक 'एचपी लॅपटॉप' एवढंच लिहितात. त्यापेक्षा फोन करा आणि समोरच्याला मशीनच्या खालचं स्टिकर वाचायला सांगा. मॉडेल, रॅम, डिस्क किती आणि एसएसडी आहे का हार्डडिस्क, विंडोज अजून चालू होतं का, प्रिंटरचं नेमकं मॉडेल, हे विचारा. आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: या मशीनवर रोज सकाळी पहिलं काय उघडता?

उत्तर टॅली आलं तर नको म्हणा. वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) कुणी चालवूनही दाखवेल, पण दुसऱ्याच्या हिशोबाच्या वह्या अशा जुगाडावर ठेवू नयेत. जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरणारा, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, आधारसाठी बोटांच्या ठशाचं यंत्र लावणारा, या सगळ्यांनाही नाहीच. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्सवाल्या वर्कशॉपलाही नाही. छपाईवाल्यांचा तर वेगळाच विषय आहे. लग्नपत्रिका, हँडबिल, अहवाल यांचं काम कोरलड्रॉ किंवा पेजमेकर आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर चालतं. तो फाँट लिनक्सवर कॉपी करता येतो, पण टाइप करायचं इंजिन येत नाही. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि रकार यांत चुका राहतात, म्हणजे ओळन् ओळ वाचून घ्यावी लागते. अशा माणसाला सल्ला एवढाच द्या की ते मशीन इंटरनेटवरून काढा, फक्त छपाईला ठेवा आणि मेल-बँकेसाठी दुसरं वापरा.

आपल्याकडे आणखी एक प्रकार हमखास येतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपमधला जुना डेस्कटॉप, मागे सिरीअल पोर्ट असलेला, सीएनसीला प्रोग्राम पाठवायला ठेवलेला. तो चालतोय तर त्याला हात लावू नका. पोर्टचा वेग, पॅरिटी, स्टॉप बिट हे सगळं कोणीतरी कधीतरी जुळवून ठेवलेलं असतं आणि ते कागदावर नसतं. त्याला इंटरनेटची गरज नाही, त्यामुळे अपडेट थांबल्याने त्याचं फारसं बिघडतही नाही. त्याच्या डिस्कची एक प्रत काढून द्या, ती सेवा लिनक्सपेक्षा मोलाची आहे.

काहींना लिनक्सची गरजच नसते. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचं मशीन असेल आणि 'विंडोज ११ चालत नाही' असा निरोप येत असेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम हा सुरक्षेचा भाग बंद असतो. इंटेलच्या बोर्डवर तो 'पीटीटी' या नावाने असतो, एएमडीच्या 'एफटीपीएम' म्हणून. तो चालू केला की काम झालं. ज्यांना अजून थोडं ढकलायचंय त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. लिनक्सचा प्रचार म्हणून हे लपवू नका. गटावर विश्वास बसतो तो अशाच सल्ल्यांनी.

मग उरतात कोण? घरी मुलांच्या अभ्यासाचं मशीन, निवृत्त माणसाचं बातम्या-बँक-यूट्यूबचं मशीन, क्लासमधली पाच-सहा मशीन, वाचनालयाचं मशीन, ज्या दुकानदाराचं सगळं काम ब्राउझर आणि एक्सेलच्या साध्या तक्त्यांत आहे तो. डिजिटल सातबारा, वीजबिल, बँक हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. हीच तुमची माणसं. संख्या कमी वाटेल, पण यातली दहातली नऊ टिकतात.

हार्डवेअरची रेषाही ओढावी लागते. मिंट २२ फक्त ६४ बिट आहे, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ३२ बिट प्रोसेसर असेल तर सरळ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने सुद्धा ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला, त्यामुळे त्या वाटेने जाण्यात अर्थ उरला नाही. रॅम २ जीबी असेल तर मिंट चालू होईल, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन थांबेल आणि दोष लिनक्सला जाईल. ४ जीबीला एक्सएफसीई ठीक, ८ जीबी असेल तर सिनॅमन द्या, दिसायला विंडोजच्या जवळ आहे. रॅम वाढवायची असेल तर लॅपटॉपमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत घोळ होतो. दोन्हींचा खाचा सारखा, पण 'एल' १.३५ व्होल्टवर चालते आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना तीच लागते. साधी १.५ व्होल्टची घातली तर पडदा काळा राहतो आणि आपण बोर्ड गेला असं समजतो.

सगळ्यात मोठा फरक रॅमने नाही, एसएसडीने पडतो. इथेच तुमच्या डुअल बूटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शिबिराला येणाऱ्याला आधीच सांगा की दुकानातून २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी, घेऊन या. शिबिरात जुनी हार्डडिस्क बाहेर काढायची, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून नाव लिहून मालकाच्या हातात द्यायची आणि नव्या एसएसडीवर मिंट बसवायचं. डेटा जाण्याची भीती संपली, विंडोज जसंच्या तसं राहिलं, आवडलं नाही तर डिस्क परत बसवायची. डुअल बूटमध्ये विभाजन बदलताना वीज गेली, किंवा विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे विभाजन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असलं, की लग्नाचे फोटो गेले म्हणून समजा. पहिल्या शिबिरात ही जोखीम घ्यायचं कारण नाही.

डिस्क बाहेर काढण्याचं आणखी एक तांत्रिक कारण आहे, ते अनेकांना माहीत नसतं. मशीनमध्ये दोन डिस्क असताना मिंटचा इन्स्टॉलर यूईएफआय बूटलोडर (मशीन उठवणारा छोटा प्रोग्रॅम) पुष्कळदा पहिल्या डिस्कच्या विभाजनात टाकतो, तुम्ही दुसरी निवडली असली तरी. शिबिरात सगळं चालतं. महिन्याने मालक जुनी डिस्क काढतो आणि मशीन उठतच नाही. म्हणून ज्या डिस्कवर बसवायचंय ती एकटीच जोडलेली ठेवा.

एसएसडी परवडत नाही असे लोक येणारच. त्यांची डिस्क आधी 'डिस्क्स' या प्रोग्रॅममधून 'स्मार्ट' (डिस्कच्या तब्येतीची) माहिती उघडून बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्य नसेल तर त्या डिस्कवर काहीही बसवू नका, पहिल्यांदा डेटा उतरवा. 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब झाल्याने बदललेले भाग) थोडे असतील तर चालतं, पण आकडा मालकाला सांगून कागदावर लिहा. डेटाची प्रत घरूनच काढून आणायला सांगा, हॉलमध्ये नाही. यूएसबी २ वरून सेकंदाला जेमतेम ३० एमबी निघतात, म्हणजे १०० जीबीला तास जातो आणि बारीक फायली असतील तर आणखी जास्त. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. प्रत घेतली आहे आणि डिस्क पुसली जाणार हे मान्य आहे, असं मराठीत चार ओळींत छापून सही घ्या. लोक सही करताना एकदा थांबतात आणि 'डेस्कटॉपवरचं पण जाणार का?' विचारतात. त्या प्रश्नासाठीच ती सही असते.

नव्या लॅपटॉपवर विंडोजची डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बदललं की पुढच्या वेळी ४८ अंकी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, पण खात्याचा पासवर्ड मुलाने पुण्यात बसून टाकलेला असतो. त्यामुळे येण्याआधीच खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवून आणायला सांगा.

हॉलकडे येऊ. तालमीचा किंवा मंडळाचा हॉल स्वस्तात मिळतो, कॉलेजची लॅब मिळाली तर वायरिंग चांगलं असतं पण रविवारची परवानगी आणि नेटवरचे निर्बंध आडवे येतात. कुठलीही जागा घ्या, आदल्या दिवशी अर्थिंग तपासा. तीन पिनी सॉकेटच्या मागे अर्थिंगची तारच नाही असे हॉल भरपूर आहेत. तसं असलं की डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात आणि अर्थ नसली की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. माणूस दचकतो एवढंच, पण त्याच हाताने रॅम धरली तर रॅम जाऊ शकते. मशीन उघडताना प्लग काढलेलाच हवा.

विजेचा हिशोब सोपा आहे. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅट, डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १५० वॅट धरा. नऊ लॅपटॉप आणि सहा डेस्कटॉप म्हणजे सुमारे १५०० वॅट, २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. घरगुती एक्सटेंशन बोर्ड ६ अँपिअरचा असतो. एका भिंतीच्या सॉकेटवरून बोर्डाला बोर्ड जोडत गेलात तर दुपारी प्लास्टिकचा वास येईल. हॉलच्या तीन वेगवेगळ्या सर्किटवरून तीन बोर्ड ओढा, केबल सेलोटेपने जमिनीला चिकटवा. हॉलचा इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांपुरता असतो, त्यावर विसंबू नका. डेस्कटॉपसाठी दोन-तीन ६०० व्हीएचे यूपीएस मागून आणा. ते मशीन नीट बंद करण्यापुरते दहा मिनिटं देतात, बसवणी पूर्ण करण्यापुरते नाहीत. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर महावितरण आधी कळवतं, तारीख ठरवताना ते बघून घ्या.

इंटरनेट हा दुसरा फास. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, ती घरून उतरवून आणायची. पण बसवल्यानंतरचे अपडेट प्रत्येक मशीनला साधारण अर्धा ते एक जीबी लागतात. १५ मशीन म्हणजे १५ जीबीपर्यंत, आणि कुणाचा तरी हॉटस्पॉट दोन मशीनमध्येच दिवसाचा कोटा संपवून बसतो. उपाय म्हणजे एका लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी चालवा. पहिल्या मशीनने उतरवलेलं पॅकेज तो साठवतो आणि बाकीच्यांना स्थानिक राउटरवरून देतो. त्याचं पोर्ट ३१४२. प्रत्येक मशीनवर प्रॉक्सीची (त्या लॅपटॉपच्या पत्त्याची) एक ओळ टाकावी लागते, आणि मशीन घरी जाण्याआधी ती काढावी लागते. ही काढायची राहिली तर घरी अपडेट होतच नाहीत आणि कारण कुणाला सापडत नाही. तपासणीच्या कागदावर ही ओळ सगळ्यात वर छापा. बसवताना 'मल्टिमीडिया कोडेक' (गाणी-व्हिडिओ चालवणारे भाग) चा डबा टिक करू नका. तो नेटवरून खेचायला लागतो आणि नेट संथ असेल तर बसवणी तिथेच लटकते. कोडेक नंतर मेनूतून टाकता येतात.

पेनड्राइव्हबद्दल. व्हेंटॉय सोयीचं आहे, एकाच पेनड्राइव्हवर पाच आवृत्त्या राहतात. पण सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर ते पहिल्यांदा निळा पडदा दाखवून किल्ली नोंदवायला सांगतं, आणि नवा कार्यकर्ता तिथे घाबरतो. मिंट स्वतः सिक्युअर बूटसह उठतं. म्हणून कामाच्या पेनड्राइव्हवर सरळ मिंट लिहा आणि व्हेंटॉयचा एक तुमच्यातल्या जाणत्याकडे ठेवा. फाइल उतरवल्यावर एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा कोड) जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे बसवणी ८० टक्क्यांवर थांबते आणि आपण दोष मशीनच्या डिस्कला देत बसतो.

बूट मेनूची कळ कंपनीप्रमाणे बदलते: डेल आणि लेनोव्होला एफ-१२, एचपीला एफ-९, एसरला एफ-१२ पण ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला घ्या. बसवताना डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये ती इंटेलच्या आरएसटी किंवा रेड (आरएआयडी) या प्रकारावर असते, ती एएचसीआयवर आणा. पण जुनं विंडोज त्याच डिस्कवर ठेवायचं असेल तर नुसतं असं बदलू नका, विंडोज उठणार नाही. एन्व्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर पडदा काळा पडला तर सुरुवातीच्या यादीतला 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या. काही एसरमध्ये सगळं नीट बसूनही 'बूट करण्याजोगं काही नाही' असं येतं. तिथे बायोसला सुपरवायझर पासवर्ड ठेवून मिंटची ईएफआय फाइल विश्वासू म्हणून नोंदवावी लागते, मग पासवर्ड काढता येतो.

बायोसमध्ये तारीख २०१० सारखी काहीतरी दिसली तर सीआर२०३२ चा सेल संपलाय. हे किरकोळ वाटतं, पण तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि अपडेटही नाकारले जातात. दहा सेल आणून ठेवा. वाय-फाय दिसत नसेल, विशेषतः ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपवर, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' मधून बाकीचं उतरवता येतं. वेळेचा पट्टा निवडताना नकाशावर 'कोलकाता' येतं, ते बरोबर आहे, दरवेळी कोणीतरी विचारतंच.

बसवण्याआधी लाइव्ह अवस्थेत पाच मिनिटं द्या: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, झाकण बंद करून पुन्हा उघडणं. इथे जे चालत नाही ते बसवल्यावर आपोआप चालणार नाही.

प्रिंटर घेऊनच यायला सांगा, तारेसकट. आपल्याकडे दुकानांत दोन प्रिंटर ठाण मांडून आहेत. एचपीचा लेझरजेट १०२० आणि त्याच्या भावंडांना दरवेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर लागतं. एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन टाकलं नसेल तर काम रांगेतून निघून जातं आणि कागद हलत नाही. प्लगइन नेटवरून येतं आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते, दहा मिनिटांचं काम. दुसरा कॅननचा एलबीपी २९००. ही खरी डोकेदुखी आहे. त्याची भाषा कॅननची स्वतःची, ड्रायव्हर जुना, कधी चालतो आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर गप्प बसतो. दुकानात तेवढाच एक प्रिंटर असेल तर ते मशीन मी नकाराच्या यादीत टाकेन. खात्रीने चालेल असं सांगू नका.

मराठी टायपिंग शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका. पहिल्यांदा विचारा, सवय कशाची आहे: इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन (टाइपरायटरची मांडणी) की इंग्रजी अक्षरांतून. एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाकलं की मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन मिळतं. टायपिंगची परीक्षा दिलेल्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली असतात, त्यांना पर्याय देऊन स्वतः एक परिच्छेद टाइप करून बघायला लावा, कारण चिन्हांच्या जागा तंतोतंत जुळतीलच असं नाही. चाचणीला 'वाऱ्यावरची होळी, ज्ञानेश्वर, ॲप' एवढं लिहायला सांगा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबलं की ऱ, शिफ्टसह एन दाबलं की ळ. हे कीबोर्डच्या चित्रासकट एका पानावर छापून प्रत्येकाला द्या. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट इंग्रजीपासून वेगळा निवडावा लागतो, आणि भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवडलेली हवी. नाहीतर लोक फाँट बदलत राहतात आणि मराठी अक्षर तसूभर हलत नाही. विंडोजचा मंगल इथे नसतो, त्यामुळे जुन्या वर्ड फायलींच्या ओळी तुटतात आणि दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. पाठवायची अंतिम प्रत पीडीएफमध्येच पाठवा असं सांगून ठेवा.

त्या दिवशीची मांडणी साधी ठेवा. दारात नोंदणीचं टेबल, तिथे मशीन, चार्जर, पिशवी आणि बाहेर काढलेली डिस्क या सगळ्यांवर मास्किंग टेपने एकच क्रमांक. चार्जरची अदलाबदल हा शिबिरातला सगळ्यात जास्त होणारा तंटा आहे. पासवर्ड मालकानेच टाकायचा, तुम्ही लिहून घ्यायचा नाही. गटाच्या पानासाठी फोटो काढाल तेव्हा पडद्यावर कुणाचं मेल किंवा बँकेचं पान येणार नाही हे बघा. आणि शक्य असेल तर शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या हार्डवेअर दुरुस्तीवाल्याला बोलवा. त्यांना वाटतं तुम्ही त्यांचा धंदा घ्यायला निघालाय. प्रत्यक्षात लॅपटॉपची पाठ क्लिप न तोडता उघडणारा हात त्यांच्याकडे असतो, आणि एसएसडी-रॅमची विक्री त्यांचीच होणार आहे. गटाने स्वतः सुटे भाग विकू नयेत. एक एसएसडी खराब निघाली की वॉरंटी तुमच्या गळ्यात.

पुरात बुडालेली मशीन हमखास येतील. २०१९ आणि २०२१ च्या पाण्यात सापडलेली, माळ्यावर ठेवलेली. हॉलमध्ये ती वीजेला जोडू नका. गाळ बोर्डाच्या आत बसलेला असतो, पिना गंजलेल्या असतात. फक्त डिस्क काढून द्या आणि ती डेटा काढणाऱ्याकडे पाठवा. यावरूनच तारखेचंही ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, ४३ ला धोका, आणि शिरोळ-हातकणंगल्याकडून येणाऱ्यांचे रस्ते बंद होतात. नवरात्र आणि दिवाळी सोडा. डिसेंबर-जानेवारीचा रविवार सगळ्यांत बरा, फेब्रुवारीपासून परीक्षा लागतात आणि मुलांचं मशीन कुणी द्यायला तयार नसतं.

शिबिराच्या पुढच्या रविवारी दोन तासांची फेरतपासणी आधीच जाहीर करून ठेवा. प्रिंटर, ब्लूटूथ आणि 'डाउनलोड केलेली फाइल कुठे गेली' या तीनच गोष्टी बहुतेक येतात. एकाचा मोबाइल नंबर मदतीसाठी देऊ नका, तो माणूस महिन्याभरात गट सोडतो. त्याऐवजी महिन्याचा एक दिवस कायमचा ठरवा, समजा दुसरा रविवार. पहिला तास अडलेली मशीन, दुसरा तास एकच विषय: बॅकअप, किंवा पीडीएफवर सही, किंवा फसव्या लिंक ओळखणं. सगळे लिनक्सवाले असायची गरज नाही. वापरकर्ता गट म्हटलं की विंडोजवालाही आलाच पाहिजे.

बातमीपत्राचं तुम्ही विचारलं नाही, पण ते पहिल्याच महिन्यात सुरू करा. एक पान पुरे. 'शिबिर उत्साहात पार पडलं' असली बातमी नको, ती कुणी वाचत नाही. प्रत्येक मशीनची नोंद पाच रकान्यांत: मॉडेल, अडचण, कारण, उपाय, तारीख. मालकाचं नाव नको. व्हॉट्सॲपवरचं उत्तर आठवड्यात वाहून जातं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. हे पान गूगलला सापडेल अशा जागी युनिकोड मराठीत टाका, चित्र म्हणून नको. गडहिंग्लजमध्ये बसून 'एचपी १०२० मिंट प्रिंट येत नाही' असं मराठीत शोधणाऱ्याला तुमचं पान मिळालं तर तुमच्या गटाला एक सदस्य वाढला.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेलं. तुमच्या सहापैकी किती जणांनी स्वतः किमान पाच वेगवेगळ्या मशीनवर बसवणी केली आहे, यावर १५ चा आकडा हलेल. दोघांनीच केली असेल तर आठ घ्या. लॅबमध्ये एकाच मॉडेलची दहा मशीन असतील तर एकावर सगळं नीट करून डिस्कची प्रत क्लोनझिलाने बाकीच्यांवर उतरवा, अडीच तासांचं काम प्रत्येकी वीस मिनिटांवर येतं. मात्र प्रत उतरवल्यावर संगणकाचं नाव आणि मशीन आयडी बदलायला विसरू नका, नाहीतर नेटवर्कवर दोघांना एकच पत्ता मिळतो.

नोंदणीचा फॉर्म आणि तपासणीचा कागद तुम्ही तयार केलात तर इथे टाका, बघून सांगतो. आणि ज्यांना नकार दिलात त्यांची यादी कारणासकट जपून ठेवा. टॅलीवाले, टोकनवाले, श्रीलिपीवाले किती निघाले हे कळलं की दुसऱ्या महिन्याच्या बैठकीचा विषय त्यातूनच निघेल.